कोयना-चांदोलीतील मोजदाद

कराडहून पाटणमार्गे पश्चिमेकडे जाणारा रस्ता हेळवाकपाशी येईपर्यंत उसाचे मळे मागे पडलेले असतात, कोयनेचे खोरे अरुंद होत जाते आणि दोन्ही अंगांचे डोंगर रस्त्यालगत येऊन उभे राहतात. येथून उत्तरेला शिवसागर जलाशय व त्याच्या काठावरचे कोयना अभयारण्य आणि दक्षिणेला वारणेच्या उगमाकडचे चांदोली राष्ट्रीय उद्यान अशी घाटमाथ्याची एक लांबट पट्टी सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमांवरून पसरलेली आहे. ही दोन्ही वनक्षेत्रे 1985 मध्ये अभयारण्ये म्हणून घोषित झाली, चांदोलीला 2004 मध्ये राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि जानेवारी 2010 मध्ये दोहोंना एकत्र आणून सह्याद्री हा राज्यातील चौथा व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. त्याचे गाभा क्षेत्र, म्हणजे ज्यात माणसाचा वावर आणि वापर कायद्याने जवळजवळ थांबवलेला असतो तो भाग, सुमारे 600 चौरस किलोमीटरचा असून, त्याभोवती वस्ती, शेती आणि जंगल यांची सरमिसळ असलेले बफर क्षेत्र साधारण तेवढेच आहे. पश्चिम घाटातील ज्या 39 स्थळांचा युनेस्कोने 2012 मध्ये जागतिक वारसा यादीत समावेश केला, त्यांत महाराष्ट्रातील कास पठार आणि राधानगरी यांच्याबरोबर कोयना व चांदोली यांचीही नावे आहेत.

ताडोबा किंवा पेंच पाहिलेला प्रवासी येथे येतो तेव्हा त्याची पहिली निराशा ठरलेली असते. पूर्व विदर्भातील सागवानी आणि बांबूची जंगले बऱ्यापैकी सपाट आहेत, उन्हाळ्यात तेथील पानगळ दृष्टी मोकळी करते आणि मोजक्या पाणवठ्यांवर प्राण्यांना यावेच लागते, त्यामुळे जिप्सीत बसलेल्या माणसालाही दोन फेऱ्यांत चितळ, सांबर, गवा आणि नशीब असेल तर वाघ दिसून जातो. घाटमाथ्यावर यांतील एकही सोय नाही. पश्चिमेकडे कोकणात कोसळणारे कडे, पूर्वेकडे उतरत गेलेल्या सोंडा, त्यांच्यामधल्या घळींत अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा अशा वृक्षांचे बारमाही हिरवे दाट रान आणि माथ्यावर जांभ्या खडकाची उघडी पठारे, ज्यांना स्थानिक लोक सडा म्हणतात, अशी येथील रचना आहे. उतारावर जेथे जंगल विरळ झाले आहे तेथे कारवी माजलेली असते. सात वर्षांतून एकदा फुलणारे हे झुडूप माणसाच्या डोक्यावरून वाढते आणि एकदा तिच्यात शिरल्यावर चार-पाच मीटरपलीकडचे काही दिसत नाही. अशा रानात गव्यासारखा एक टन वजनाच्या आसपास जाणारा प्राणीही हाकेच्या अंतरावर उभा राहून दृष्टीआड राहू शकतो आणि बहुधा तो राहतोच. म्हणून येथील सस्तन प्राण्यांच्या सर्वेक्षणाचे वर्णन हे पाहिलेल्या प्राण्यांचे कमी आणि न दिसलेल्या प्राण्यांच्या खुणांचे अधिक असते.

सर्वेक्षण या शब्दाने आज जे समजले जाते ते फार जुने नाही, परंतु त्यामागची जिज्ञासा जुनी आहे. मुंबईत 1883 मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने 1911 ते 1923 या काळात भारतीय उपखंडातील सस्तन प्राण्यांचे पहिले पद्धतशीर सर्वेक्षण केले. त्याचा आग्रह धरणारे आर. सी. रॉटन हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातून निवृत्त झालेले अधिकारी होते आणि पहिला अहवाल खानदेशाचा होता. त्या वेळी सर्वेक्षण म्हणजे संग्रह होता, प्राणी मारून किंवा सापळ्यात पकडून त्यांची कातडी व कवट्या संग्रहालयात आणायच्या आणि त्यांवरून कोठे कोणती जात आहे ते ठरवायचे. किती प्राणी आहेत हा प्रश्न तेव्हा गौण होता. तो प्रश्न व्याघ्र संरक्षणाबरोबर पुढे आला आणि 1960 च्या दशकापासून वाघाच्या पंजाच्या ठशांवरून त्याचे उत्तर दिले जाऊ लागले. वनरक्षकाने धुळीतल्या ठशावर काच ठेवून त्याची आकृती काढायची किंवा त्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून साचा घ्यायचा आणि प्रत्येक ठसा वेगळा ओळखता येतो असे गृहीत धरून वाघ मोजायचे, ही पद्धत कित्येक वर्षे चालली. एकाच वाघाचा ठसा चिखलात, वाळूत आणि धुळीत निरनिराळा उमटतो हा तिच्यावरचा आक्षेप ठाऊक असूनही आकडे दरवेळी समाधानकारक येत राहिले. राजस्थानातील सरिस्का येथे कागदोपत्री वाघ असताना प्रत्यक्षात एकही उरलेला नाही हे 2004-05 मध्ये उघड झाल्यावर मात्र ती मागे पडली आणि 2006 पासून दर चार वर्षांनी होणारा अखिल भारतीय व्याघ्र अंदाज नव्या रीतीने होऊ लागला. त्या पहिल्या फेरीने देशात 1,411 वाघ असल्याचे सांगितले. 2018 च्या फेरीत हा आकडा 2,967 वर आणि 2022 मध्ये 3,682 वर गेला. या आकड्यांना गणना न म्हणता अंदाज म्हटले जाते, कारण मोजलेल्यावरून न मोजलेल्याचे अनुमान काढणे हा या पद्धतीचा पाया आहे.

या अंदाजाचा पहिला टप्पा वनरक्षकाच्या पायांवर उभा असतो. वनखात्याचे सर्वांत लहान प्रशासकीय एकक नियतक्षेत्र असते, पण सगळे त्याला बीट म्हणतात. हिवाळ्यात प्रत्येक बीटमध्ये काही दिवस ठरावीक वाटांनी किमान पाच-पाच किलोमीटर चालून मांसभक्षक प्राण्यांच्या खुणा नोंदवायच्या आणि त्यानंतर काही दिवस दोन किलोमीटरच्या आखलेल्या रेषेवर चालून तृणभक्षक प्राणी मोजायचे, असा क्रम असतो. पूर्वी कागदी तक्त्यांत होणाऱ्या या नोंदी आता मोबाइलमधील प्रणालीत होतात, तिच्यात चाललेली वाट आपोआप उमटते आणि खुणेचे छायाचित्र अक्षांश-रेखांशासह साठते. त्यामुळे चौकीत बसून बीट चालल्याचे दाखवणे अवघड झाले आहे. ज्यांना या सुधारणेचे महत्त्व किरकोळ वाटते त्यांनी सरिस्काची आठवण ठेवावी.

चांदोलीच्या बाजूने वारणावतीहून आत शिरून जनीचा आंबा ओलांडून झोळंबीच्या सड्याकडे जाताना या पहिल्या टप्प्याचे स्वरूप चांगले लक्षात येते. सकाळचे धुके निवळण्यापूर्वी निघालेल्या सर्वेक्षकांच्या तुकडीत बहुधा एक वनरक्षक, एक-दोन वनमजूर आणि एखादा स्वयंसेवक किंवा संशोधक असतो. पुढे चालणारा मात्र जवळजवळ नेहमी वनमजूर असतो आणि त्याची नजर सतत जमिनीवर असते. जांभ्याच्या काळ्याकरड्या कातळावर, विशेषतः वाटेच्या मधोमध उंचवट्यावर, बिबट्याची विष्ठा पडलेली आढळते. ताजी असताना ती गडद असते आणि उन्हाने वाळल्यावर तिचा चुन्यासारखा पांढरा भुगा होऊ लागतो, पण त्यात गुंतलेले केस टिकून राहतात; हे केस प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की त्यांच्या पृष्ठभागावरील खवल्यांच्या रचनेवरून बिबट्याने भेकर खाल्ले की वानर, ससा खाल्ला की गावातले कुत्रे, हे सांगता येते. दोन वाटा जेथे मिळतात त्या तिठ्यावर एकाच जागी बऱ्याच विष्ठा दिसल्या तर त्या बहुधा रानकुत्र्यांच्या, म्हणजे कोळसुंद्यांच्या असतात, कारण कळपाने राहणारा हा प्राणी आपल्या हद्दीची घोषणा सामुदायिक रीतीने करतो. फोडलेले वारूळ आणि त्याच्या तळाशी नखांनी ओरबाडलेली लाल माती ही अस्वलाची खूण होय. उन्हाळा चढू लागला की त्याच्या विष्ठेत करवंदाच्या व जांभळाच्या बियांचा थरच्या थर सापडतो. ओढ्याकाठच्या खडकावर खेकड्याच्या कवचाचे तुकडे आणि माशांचे खवले मिसळलेला उग्र वासाचा लहानसा ढीग असेल तर तेथे पाणमांजर येऊन गेलेले असते. सांबराची लेंडी लांबट व टोकाला किंचित निमुळती, भेकराची त्याहून बरीच लहान, गव्याचे शेण म्हशीच्या शेणासारखेच; येथे खरी अडचण निर्माण होते, कारण बफर क्षेत्राच्या कडेला गावातल्या म्हशीही चरायला येतात आणि अनोळखी डोळ्याला दोहोंतला फरक कळत नाही. वनमजूर तो शेणापेक्षा शेजारच्या खुराच्या ठशावरून आणि चरलेल्या गवताच्या प्रकारावरून ठरवतो. त्याच्या या ज्ञानाला तक्त्यात स्वतंत्र रकाना नाही, पण तक्त्यातील बहुतेक रकाने त्याच्यामुळेच भरले जातात.

झोळंबीच्या परिसरात आणि निवळ्यासारख्या जुन्या गावांच्या जागी पोहोचल्यावर खुणांची संख्या एकाएकी वाढते. येथे पूर्वी वस्ती होती. वारणेवरील धरण आणि नंतर अभयारण्य यांच्यामुळे गाभा क्षेत्रातील गावे टप्प्याटप्प्याने उठवून पूर्वेकडे, काही कोकणाकडे, वसवण्यात आली आणि त्यांतील अनेकांच्या पुनर्वसनाचे प्रश्न दीर्घकाळ रेंगाळले. उठलेल्या गावांची भातखाचरे आता गवताळ कुरणे झाली आहेत. बांधांच्या ओळी गवताखालूनही ओळखू येतात, घरांची जोती झुडपांत दडलेली असतात, एखादे तुळशीवृंदावन, एखादे देऊळ आणि घराशेजारी लावलेले आंबे-फणस उभे असतात आणि या सगळ्यांमधून गव्यांची वर्दळ चालते. सदाहरित रानात जमिनीवर सूर्यप्रकाश कमी पोहोचतो, त्यामुळे तेथे गवत फारसे उगवत नाही. सड्यावर माती इतकी पातळ असते की पावसाळा सरताच गवत वाळून जाते. गवा आणि सांबर यांना मोठ्या संख्येने पोसेल असे चराऊ क्षेत्र या डोंगरात मुख्यतः माणसाने पिढ्यान्‌पिढ्या साफ करून ठेवलेल्या खाचरांचेच आहे. म्हणजे ज्या प्राण्यांच्या रक्षणासाठी माणसे हलवली गेली त्यांना जगवणारी जमीन त्याच माणसांच्या हातची होती, हा विरोधाभास खुणांच्या नकाशावर ठिपक्यांच्या दाटीने स्पष्ट दिसतो. ही कुरणे तशीच सोडून दिली तर काही वर्षांत झुडपे आणि कारवी ती गिळून टाकतात, म्हणून वनखात्याला ती मुद्दाम मोकळी राखावी लागतात; निसर्गाला त्याच्या कलाने जाऊ द्यावे असे म्हणणाऱ्यांनी हा व्यवहार एकदा प्रत्यक्ष पाहण्यासारखा आहे.

तृणभक्षकांच्या मोजणीसाठी जी रेषा चालली जाते तिला शास्त्रीय भाषेत रेषा-छेद आणि वनखात्यात ट्रान्झेक्ट लाइन म्हणतात. तिचे तत्त्व सोपे पण सूक्ष्म आहे. रेषेवरून चालताना दिसलेल्या प्रत्येक प्राण्याचे किंवा कळपाचे अंतर रेंजफाइंडरने आणि दिशा होकायंत्राने नोंदवली जाते. समजा, रेषेच्या दिशेशी 30 अंशांचा कोन करून 40 मीटरवर सांबर दिसले, तर त्रिकोणमितीने त्याचे रेषेपासूनचे लंबांतर 20 मीटर येते. अशी बरीच लंबांतरे जमली की रेषेपासून दूर जाताना प्राणी दिसण्याची शक्यता कोणत्या वेगाने घटते याचा वक्र काढता येतो आणि न दिसलेले प्राणी किती असावेत याचा हिशेब करून दर चौरस किलोमीटरमागे घनता सांगता येते. या हिशेबाला काही अटी आहेत. रेषा सरळ आणि प्राण्यांच्या वावराशी संबंध न ठेवता आखलेली असावी, रेषेवरचा प्राणी कधीही नजरेतून सुटू नये आणि माणसाची चाहूल लागून प्राणी पळण्यापूर्वी त्याची मूळ जागा नोंदली जावी.

सपाट जंगलात या अटी पाळता येतात. घाटमाथ्यावर त्या प्रत्येक पावलाला मोडतात. सरळ आखलेली दोन किलोमीटरची रेषा मध्येच कड्यावर येऊन संपते किंवा अशा घळीत उतरते की वाळलेल्या पानांवरून घसरणाऱ्या सर्वेक्षकाचे लक्ष प्राण्यांऐवजी स्वतःच्या पायांकडे राहते. परिणामी रेषा सोंडेवरून आणि जुन्या पायवाटांवरून वळवल्या जातात आणि प्राणीही याच वाटा वापरत असल्याने नमुना एका बाजूला झुकतो. दाट रानात रेषेपासून 15-20 मीटरपलीकडे क्वचितच काही दिसते. सांबराचा इशाऱ्याचा खणखणीत आवाज येतो, भेकराचे भुंकणे ऐकू येते, फांद्या मोडत गेलेल्या गव्यांचा कळप केवळ आवाजाने समजतो, परंतु आवाजाचे लंबांतर घेता येत नाही. पुष्कळदा सकाळभर चालून तक्त्यात दोन वानरांचे कळप आणि एक रानकोंबडा एवढीच नोंद होते. हा कोरा तक्ता निरुपयोगी समजू नये. ठरावीक श्रम करून काही न आढळणे ही संख्याशास्त्राच्या दृष्टीने मौल्यवान माहिती असते, मात्र ते न आढळणे प्राणी नसल्यामुळे आहे की दिसत नसल्यामुळे आहे हे वेगळे करता आले पाहिजे. त्यासाठी एकाच जागेला पुनःपुन्हा भेट देऊन खुणा किती वेळा मिळतात व किती वेळा निसटतात यावरून आढळण्याची संभाव्यता काढली जाते आणि मग एखादी जात किती भूभागावर वावरते याचा अंदाज बांधला जातो. डोंगराळ जंगलात किती प्राणी आहेत या प्रश्नापेक्षा कोठे आहेत हा प्रश्न विचारणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते, असे येथील भूरचना पाहिल्यावर म्हणावेसे वाटते.

जेथे डोळा थकतो तेथे कॅमेरा ट्रॅप लावला जातो. प्राण्याच्या शरीराची उष्णता आणि हालचाल टिपून आपोआप छायाचित्र घेणाऱ्या या यंत्राचा पूर्वज भारतातच वापरला गेला होता, एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने 1920 च्या दशकात शिवालिकच्या पायथ्याच्या जंगलात वाटेवर तार ताणून, तिला वाघाचा पाय लागताच स्वतःचेच छायाचित्र निघेल अशी व्यवस्था केली होती. पुढे 1990 च्या दशकात वन्यजीवशास्त्रज्ञ उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळे येथे कॅमेऱ्यांना संख्याशास्त्राची जोड दिली. वाघाच्या अंगावरील पट्टे आणि बिबट्याच्या अंगावरील ठिपक्यांची गुलाबाकार वर्तुळे प्रत्येक प्राण्यात वेगळी असतात, त्यामुळे छायाचित्रातून तो प्राणी पकडून, खूण करून सोडून दिल्यासारखेच होते. पहिल्या खेपेस 20 वेगवेगळे बिबटे टिपले गेले, दुसऱ्या खेपेस पुन्हा 20 आणि त्यांतले आठ पहिल्या खेपेचेच निघाले, तर एकूण संख्या 50 च्या आसपास असावी असे साध्या त्रैराशिकाने निघते. प्रत्यक्ष वापरातली समीकरणे बरीच गुंतागुंतीची असली तरी त्यांचा गाभा हाच आहे. दोन्ही कुशींवरची नक्षी सारखी नसल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक कॅमेरा गुडघाभर उंचीवर बांधावा लागतो आणि साधारण दोन चौरस किलोमीटरच्या प्रत्येक चौकोनात अशी एक जोडी, या हिशेबाने सारे रान आखून घ्यावे लागते. देशभरात 2018 च्या फेरीत 26,838 ठिकाणी कॅमेरे लावून सुमारे 3 कोटी 48 लाख छायाचित्रे मिळवली गेली, त्यांत वाघांची 76,651 होती. उरलेल्या छायाचित्रांत काय असते याची कल्पना सह्याद्रीतील एखादे मेमरी कार्ड उघडल्यावर येते: दुपारच्या उन्हात तापलेले आणि वाऱ्याने हलणारे गवत शेकडो वेळा, कुतूहलाने भिंगाला नाक लावणारे सांबराचे पिल्लू, धुक्याचे पांढरे पडदे आणि मध्येच काठी व पिशवी घेऊन देवाच्या वाटेला लागलेला गावकरी. गव्याला एखाद्या झाडाला अंग घासण्याची लहर आली तर त्यावरचा कॅमेरा आकाशाकडे वळतो आणि पुढच्या भेटीपर्यंत ढगांची नोंद करत राहतो.

याच यंत्राने मे 2018 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला आपल्या नावाचा पहिला छायाचित्रित पुरावा दिला. तोपर्यंत येथील वाघ ठशांवरून, विष्ठेवरून आणि सांगोवांगीवरून मानला जात असे. तोच नर 2020 मध्ये कर्नाटकातील काळी व्याघ्र प्रकल्पात टिपला गेला, म्हणजे त्याने 200 किलोमीटरहून अधिक अंतर कापले होते. काळीपासून भीमगड, तिळारी, आंबोली, राधानगरी आणि तेथून चांदोली अशी घाटमाथ्याच्या जंगलांची जी तुटक साखळी आहे तिलाच भ्रमणमार्ग म्हणतात. वाघाची नवी पिढी हद्द शोधत तिच्यावरून ये-जा करते. डिसेंबर 2023 मध्ये आणखी एक नर चांदोलीत आढळला आणि स्थिरावला. भटकणारे असतात ते बहुधा नर. माद्या जन्मस्थानाच्या आसपास राहतात, त्यामुळे वाट मोकळी असूनही या टोकाला मादी पोहोचत नव्हती. अखेर नोव्हेंबर 2025 मध्ये ताडोबातून वाघीण आणून चांदोलीत सोडण्यात आली. दोन पट्टेरी छायाचित्रे जुळल्याशिवाय या भ्रमणमार्गाचे अस्तित्व नकाशावरील रेघेपलीकडे सिद्ध झाले नसते, म्हणून वाघाची दखल घ्यावीच लागते; मात्र सर्वेक्षणाच्या सर्व श्रमांचे माप वाघाच्या एका आकड्यात घेण्याची जी सवय वृत्तपत्रांना आणि त्यांच्यामुळे वाचकांना लागली आहे, ती या डोंगरावर अन्याय करणारी आहे.

कारण वाघासाठी लावलेल्या कॅमेऱ्यांनी उघड केलेले बाकीचे जग कितीतरी मोठे आहे. पिसोरी हा सशाहून थोडाच मोठा, जेमतेम तीन किलो वजनाचा, शिंगे नसलेला आणि खऱ्या हरणांहून वेगळ्या कुळातला खुरधारी प्राणी दिवसा झाडांच्या ढोलीत किंवा खडकांच्या कपारीत राहतो आणि रात्री बाहेर पडतो. आयुष्य जंगलात काढलेल्या माणसांनीही तो फार वेळा पाहिलेला नसतो, पण कॅमेऱ्यांपुढून तो निर्धास्तपणे जातो. वाघाटी, रानमांजर, जवादी मांजर, उदमांजर, साळिंदर, खवल्या मांजर यांचीही हीच कथा आहे. यांतील बहुतेकांच्या अंगावर प्रत्येकाला वेगळे ओळखता येईल अशी खूण नसल्याने त्यांची संख्या काढता येत नाही, केवळ वावर समजतो. शेकरू या राज्यप्राण्याचा प्रश्न आणखी निराळा आहे. तो झाडांच्या शेंड्यांवरून सहसा खाली उतरत नाही, म्हणून गुडघाभर उंचीवरच्या कॅमेऱ्याला तो दिसण्याची शक्यता जवळजवळ नाही. त्याची मोजणी काटक्या-पानांच्या घरट्यांवरून होते, परंतु एक शेकरू एकाच वेळी कित्येक घरटी बांधते व वापरते, त्यामुळे घरटी आणि प्राणी यांचे गुणोत्तर ठरवताना वापरातले घरटे कोणते आणि सोडलेले कोणते हे पानांच्या ताजेपणावरून ओळखावे लागते. वटवाघळांकडे तर या चौकटीत लक्षच जात नाही. रॉटन यांचे नाव लाभलेले मोकळ्या शेपटीचे वटवाघूळ याच डोंगररांगेत, बेळगावजवळच्या तळेवाडीनजीक बारापेडे गुहेत, त्या जुन्या सर्वेक्षणाच्या काळात सापडले, 1913 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले आणि पुढे कित्येक दशके जगात त्याचा दुसरा ठावठिकाणा ज्ञात नव्हता. रायफल आणि सापळे घेऊन फिरणाऱ्या त्या पिढीला संख्याशास्त्र येत नव्हते, पण उंदीर, चिचुंद्री आणि वटवाघूळ यांना तिने वाघाइतकेच सस्तन मानले होते.

सामान्य माणसाला परिचित असलेली मोजणी म्हणजे बुद्धपौर्णिमेच्या रात्रीची पाणवठ्यावरची. मचाणावर बसून चांदण्यात पाण्यावर येणारे प्राणी टिपायचे, हा कार्यक्रम आता निसर्गानुभव या नावाने ओळखला जातो आणि त्यात शहरांतून नाव नोंदवून आलेले हौशी लोक भाग घेतात. तोच गवा रात्रीतून दोनदा आला की दोनदा मोजला जातो आणि शिवसागर व वारणेवरील वसंतसागर यांसारखे विस्तीर्ण जलाशय उशाला असताना प्राणी नेमक्या मचाणासमोरच्या पाणवठ्यावर का यावेत, याचे उत्तर कोणापाशी नसते. शास्त्र म्हणून या मोजणीला फारशी किंमत नाही. परंतु एक अख्खी रात्र न बोलता रानात बसण्याची संधी शहरी माणसाला दुसरीकडे मिळत नाही, तेव्हा ती चालू राहावी. तिच्या आकड्यांची बातमी तेवढी होऊ नये.

खुणा, रेषा आणि कॅमेरे यांची बेरीज मांडल्यावर सह्याद्रीबाबत जे चित्र दिसते त्यात शिकारी प्राण्यांपेक्षा भक्ष्याची उणीव ठळक आहे. पूर्ण वाढलेला गवा मोठा आणि बलाढ्य असल्याने तो मुख्यतः प्रौढ नर वाघाच्या आवाक्यातला. भेकर आणि पिसोरी वाघाचे पोट भरण्यास लहान. उरते ते सांबर आणि रानडुक्कर, आणि तेही जुन्या गावठाणांच्या कुरणांभोवती एकवटलेले. ही तूट भरून काढण्यासाठी सागरेश्वर अभयारण्यातून चितळ आणून येथे सोडण्यात आले. सागरेश्वर हे कृष्णाकाठचे कमी पावसाचे, झुडपी रान आहे, तर पाथरपुंज आणि नवजा या घाटमाथ्यावरच्या ठिकाणी एका मोसमात 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मोकळ्या, कोरड्या वनात कळपाने राहणारे चितळ या पावसात कितपत तग धरते, कुरणांवर सांबराशी त्याची स्पर्धा होते काय, हे तपासल्याशिवाय त्या प्रयोगाला यश म्हणणे घाईचे होईल. आणि तपासायचे तर ते पावसाळ्यातच तपासले पाहिजे. जूनपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत मात्र या डोंगरात सर्वेक्षण जवळजवळ बंद असते: ठसा उमटण्यापूर्वी पुसला जातो, लेंड्या एका सरीत विरघळतात, कॅमेऱ्यांत पाणी शिरते, ओढे ओलांडता येत नाहीत आणि वाटांवर जळवा असतात. घाटमाथ्यावरील सस्तन प्राण्यांविषयीच्या जवळजवळ साऱ्या नोंदी वर्षाच्या कोरड्या भागातल्या आहेत. उरलेल्या चार महिन्यांत गवे सड्यावर कधी चढतात, कोणत्या सोंडेच्या आडोशाला उतरतात, कोळसुंदे कोठे जातात, याची माहिती संरक्षण कुटीत पावसाळा काढणाऱ्या वनमजुरांच्या बोलण्यात विखुरलेली आहे आणि ती तक्त्यात उतरवण्याची पद्धत अजून बसवायची आहे.